निळ्या फुलांचा वास

“बांधू द्या पट्टी, कोकिळाबाई. नवरीवानी लाजता काय?”

मुख्याध्यापक मधुकररावांनी असं म्हटल्यावर पोरं खिदळली. वर्षालीने आपली ओढणी कोकिळाबाईंच्या डोळ्यांवरून दोनदा फिरवली आणि मागे गाठ मारली. हिंगणीच्या अलीकडे कुंदन नावाच्या शेतकऱ्याने ‘लॅव्हेंडर फार्म’ अशी पाटी लावली होती. आंजीजवळच्या निवासी शाळेतली चाळीस मुलं, तीन शिक्षक आणि स्वयंपाकघरातल्या दोघीजणी रविवारी सकाळी तिथे सहलीला आल्या होत्या. समोर गुडघाभर उंचीच्या निळ्या फुलांच्या ओळी होत्या. मोठ्यांनी डोळे बांधून फुलाची काडी हुंगायची आणि वास कशासारखा येतो ते सांगायचं, एवढाच खेळ होता.

कोकिळाबाईंना कसलाच वास येत नसे. करोनाच्या तापात गेला तो परत आलाच नाही. खारट, आंबट, गोड, कडू जिभेला कळे आणि तिखट लागे. बाकी माणूस ज्याला चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम असतं, हे त्यांना रोजच्या खिचडीने शिकवलं होतं. शाळेत नियम होता. मुलांना वाढण्याआधी स्वयंपाकिणीने प्रत्येक पदार्थ हुंगायचा, चाखायचा आणि चव-रजिस्टरमध्ये सही करायची. एकोणीस वर्षं ती सही कोकिळाबाईंची होती. फोडणी त्या आवाजावरून ओळखत, करपू लागलेलं रंगावरून. शिळं, आंबलेलं, खवट एवढ्यासाठी मदतनीस वर्षाली होती. ती झाकण उघडून हळूच मान हलवायची, मग सही व्हायची. चारचौघांत वासाचा विषय निघाला की कोकिळाबाई आधी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहत आणि मग आपलं तोंड तसं करत.

आता तोंडं दिसत नव्हती. पण त्यांचा नंबर शेवटचा होता.

“अहाहा!” मधुकरराव म्हणाले. “याले म्हंतेत सुगंध. आपलं नाक फसत नाई.”

“पावडरवानी वाटते,” गणिताचे सर म्हणाले.

“मले त साबनावानी येऊन राह्यला,” वर्षाली म्हणाली.

“साबनच,” कोकिळाबाई म्हणाल्या. “भारीवाला.”

कुंदन मोठ्याने हसला. “सर, आपल्या मे महिन्यात लॅव्हेंडर जगते काय? दोनदा लावलं, दोनदा जळलं. हे निळं सॅल्व्हिया हाये. याच्या फुलाले वासच नसते. पाटी पाहून सगळेच म्हंतेत, काय सुगंध हाये!”

पट्ट्या सुटल्या. पोरं पोट धरून हसली. कोकिळाबाईही हसल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. शिकलेल्या माणसांची नाकंही त्यांच्याच नाकासारखी निघाली होती.

मधुकररावांचे कान मात्र लाल झाले होते. सगळ्यांत मोठ्याने ‘अहाहा’ त्यांनीच केलं होतं आणि पोरं त्यांच्याकडे पाहून हसत होती. पोरांना हसायला दुसरं कुणीतरी द्यायला हवं होतं.

“कुंदन, खऱ्या तेलाची शिशी हाये ना तुह्याजवळ? आता तिची परीक्षा. कोकिळाबाई, तुमी पयल्या. आपल्या शाळेचं नाक हाये हे!”

ओढणी पुन्हा बांधली गेली. पावलं लांब गेली आणि परत आली. पोरांत दबकी कुजबुज झाली, कुणीतरी “शूऽऽ” केलं. नाकाशी काहीतरी ओलं, थंड टेकलं. कोकिळाबाई वर्षालीच्या इशाऱ्याची वाट पाहत राहिल्या. खांद्यावरचा तिचा हात हलला नाही. मग तो उचलला गेला.

“सांगा, सांगा!”

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. “वा! हा खरा. देवघरावानी वास हाये, सर. पोराईले बी द्या हुंगाले.”

हसण्याचा एकच स्फोट झाला. कोकिळाबाईंनी स्वतःच ओढणी ओढून काढली. मधुकररावांच्या हातातल्या काडीला कापसाचा बोळा होता आणि त्यातून तपकिरी पाणी ठिबकत होतं. मागे जीवामृताच्या पिंपाचं झाकण उघडं होतं. शेण, गोमूत्र आणि गूळ, आठ दिवस आंबवलेलं. पोरांनी नाकं दाबून धरली होती. कोकिळाबाईंनी पदराने ओठ पुसले.

मधुकररावही हसत होते. मग ते थांबले.

“कोकिळाबाई, तुमाले खरंच वास नाई आला?”

“थट्टा केली, सर.”

“थट्टा करनारं मानूस एवढा लांब श्वास घेत नाई. कवापासून?”

कोकिळाबाईंनी ओढणी वर्षालीच्या हातात दिली.

“जुलैत अकरा पोरं ओकली. वर्षाली, तवा तू माहेरी गेलती ना?”

“हो, सर.”

“अन् पान्याची टाकी धुतली नाई म्हनून आपन तानबाले काढलं.”

तानबा शाळेचा शिपाई. जाण्याच्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. ‘बाई, तुमच्यासमोर धुतली न मी टाकी? तुमी तरी सांगा.’ कोकिळाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

“वर्षाली, तुले माहीत होतं हे?”

“मले काय माहीत, सर?” वर्षाली ओढणीची घडी घालत म्हणाली.

कोकिळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिची घडी नीट जमत नव्हती.

“तिले काय माहीत,” त्या म्हणाल्या. “मी कोनाले सांगतलंच नाई.”

“उद्यापासून सही वर्षाली करन,” मधुकरराव म्हणाले. “तुमी येऊ नका.”

अकरा वाजता आंब्याखाली पंगत बसायची होती. पहाटे चारला उठून केलेल्या मसालेभाताचं पातेलं गाडीतून खाली उतरलं होतं. पाचवीतली स्वीटी ताटली घेऊन सगळ्यांच्या आधी धावत आली.

“मावशी, मले बुडाची खरवड दे.”

“स्वीटी! इकडं ये,” मधुकरराव ओरडले. “कोनी त्या भाताले हात लावाचा नाई. कुंदनच्या घरून पिठलं-भाकर येऊन राह्यली.”

स्वीटी रिकामी ताटली घेऊन मागे गेली. भात चांगला होता. पहाटे वर्षालीने झाकण उघडून मान हलवली होती. पण तेच तर सांगता येत नव्हतं. वर्षाली पोरांना पाणी देत होती आणि पातेल्याकडे तिची पाठ होती.

पंगत उठल्यावर कुंदन जवळ आला. “काकू, एवढं अन्न वाया काऊन घालवता? म्हशीले टाकतो मी.” त्याने पातेल्याला हात घातला.

“राहू दे, बाबू. माह्या हातानं वाढू दे.”

गोठ्यात तीन म्हशी होत्या. कोकिळाबाईंनी पातेलं उपडं केलं नाही. गव्हाणीतला कोंडा त्यांनी बाजूला सारला, जागा तळहाताने पुसून घेतली आणि डावाने, तिघींना सारखा येईल असा, भात वाढला.