जोडीचं तिकीट

केशरबाईने संत्र्याची साल ओरबाडून काढली, एक फोड तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. फळ आंबट नव्हतं. चांगलं गोड होतं, आणि त्याचाच तिला राग आला.

बस पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, लागोस गावाबाहेर थांबली होती. एका अंगाला पिवळे-तांबडे कडे आणि त्यांच्या खाली निळाशार समुद्र. दुसऱ्या अंगाला रस्त्याकडेची संत्र्याची बाग. फांद्या फळांच्या वजनाने जमिनीला लागलेल्या. पिकांवरची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीने वऱ्हाडातल्या कृषी केंद्राच्या दुकानदारांना फिरवायला आणलं होतं. वर्षभर तिची औषधं विकून ज्यांनी टार्गेट गाठलं, त्यांना हे बक्षीस. धामणगाव रेल्वेचे भगवंतराव, म्हणजे केशरबाईचे यजमान, त्यांतलेच एक. ते कड्याच्या टोकाशी हात पसरून फोटो काढून घेत होते.

"पाहून घे," ते वळून म्हणाले. "असा समिंदर तुह्या माहेरात कोणी पाह्यला काय?"

तिच्या माहेरात, शेंदूरजनाघाटला, समुद्र नव्हता. संत्री होती. यंदा तीही नव्हती. गेल्या वर्षी फळ धरल्यावर ते टिकावं म्हणून तिच्या भावाने, शालिकरामने, बागेवर औषध फवारलं आणि बोराएवढी हिरवी फळं सारीच्या सारी खाली आली, मागून झाडंही वाळली. औषध भगवंतरावांच्याच दुकानातलं. आता बहिणीच्या घरून नेलेल्या मालाची पावती कोण मागतं? मागितली तर जावयावर भरवसा नाही असा अर्थ होतो. शालिकरामने मागितली नाही, भगवंतरावांनी दिली नाही. पुढे तो तक्रार घेऊन वरुडला, तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेला, तर तिथे पहिला सवाल पावतीचाच.

तो बिचारा परत धामणगावला आला. भगवंतराव चहाचा घोट घेत म्हणाले, "डोस चुकला तुमचा. अन् पावतीच नाई तं मी तरी काय करू?"

शालिकरामने मान खाली घातली. जावयाला उलटून बोलायची त्या घराची रीत नव्हती. केशरबाईलाही तेव्हा वाटलं, चुकला असेल डोस. भाऊ तसा धांदरटच होता.

अकोल्याचे रऊफभाई येऊन तिच्या शेजारच्या कठड्यावर टेकले. जठारपेठेत त्यांचं कृषी केंद्र. सहलीला जवळपास सगळे जोडीने आलेले, हे तेवढे एकटे.

"कुलसुमवहिनीले कावून नाई आणलं, भाऊ?" तिने विचारलं.

"मले एकाचंच तिकीट भेटलं. जोडीच्या तिकिटाले, कंपनी ज्याच्यावर टार्गेटाचे डबल पाइंट देत होती, थो माल खपवा लागत होता. हिरव्या डब्यातला, संत्र्यावरचा. मी तं तो वापस धाडला."

"कावून?"

रऊफभाईंनी तिच्याकडे पाहिलं. हिला माहीत नसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खराब माल होता, वहिनी. माह्या पहिल्याच गिऱ्हाइकाची फळं गळली. मंग मी ओळखीच्या सगळ्या दुकानदाराइले फोन लावले. भगवंतरावलेबी लावला."

"कधी?"

"होळीच्या आंधी."

शालिकराम होळी झाल्यावर आला होता. भाच्यांसाठी साखरेच्या गाठ्या घेऊन आला होता, म्हणून तिला पक्कं आठवत होतं. तिनेच गोदामातून ते हिरवे डबे काढून त्याच्या हाती दिले होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दुकानदाराइले फोन लावले तुमी," ती म्हणाली. "शेतकऱ्याइले?"

रऊफभाईंनी नकारार्थी मान हलवली.

ती उठली आणि तडक भगवंतरावांपुढे जाऊन उभी राहिली. हातातलं संत्रं तिने केव्हाच चुरगाळलं होतं, रस मनगटावरून गळत होता.

"होळीच्या आंधी रऊफभाऊनं तुमाले फोन केलता?"

"इतक्या दूर येऊन काय थे काढून राहिली?"

"केलता का नाई?"

"केलता," भगवंतराव आवाज दाबून म्हणाले. "गोदामात माल पडून होता. दुसऱ्या कोणाले देल्ला असता तं तो दुकानापुढं येऊन बोंबलला असता. शालिकराम घरचा माणूस. त्याच्या बागेत खपला म्हणून तुहं तिकीट निंघालं. मी एकटाच आलो असतो तं आयुष्यभर ऐकवलं असतं तुनं."

वर उपकार. बाईला समुद्र दाखवला म्हणून तिने पाया पडायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात कंपनीचा अधिकारी रोहित हाका मारू लागला. कड्यापाशी कंपनीचा बॅनर बांधला होता. एकेक जोडी त्यापुढे उभी राहून कंपनीचे आभार मानत होती आणि रोहित मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

"वहिनी, दोनच शब्द," तो म्हणाला. "कंपनीने तुम्हाला काय दिलं, एवढं सांगा. गावोगावच्या शेतकरी मेळाव्यात दाखवणार आहोत."

भगवंतरावांनी शर्टाची कॉलर नीट केली. केशरबाईने हात पदराला पुसले आणि आपला मोबाइल रऊफभाईंकडे दिला.

"भाऊ, माह्यातबी घ्या."

मग ती बॅनरपुढे उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"मी केशर. धामणगावच्या दुकानात मालकासंगं मीबी बसतो. माहा भाऊ शालिकराम, शेंदूरजनाघाटचा. होळी झाल्यावर त्यानं आमच्या दुकानातून या कंपनीचं संत्र्यावरचं औषध नेलं. डबे मी माह्या हातानं देल्ले. पावती देल्ली नाई. औषध खराब हाय, हे माह्या मालकाले आंधीच ठाऊक होतं. भावाची बाग गेली अन् मी इथं फिराले आलो. कंपनीनं मले हे देलं."

रोहितने मोबाइल खाली केला. "वहिनी, हे आपण पुन्हा घेऊ."

"मले पुन्हा नाई घ्याचं."

भगवंतरावांनी तिचा दंड धरला. "डोकं फिरलं काय तुहं? दुकान बंद पडन."

"पडू द्या. सोडा हात."

सगळे बघत होते, म्हणून त्यांनी सोडला.

रऊफभाईंनी कुलसुमबीशी बोलायला इथलं सिमकार्ड घेतलं होतं. त्यावरून इंटरनेट जोडून घेऊन तिने तो व्हिडिओ शालिकरामला पाठवला. आता त्याला पुरावा मिळाला, आता तो ताठ मानेने कार्यालयात जाईल, असं तिला वाटत होतं. ती मोबाइल धरून उभीच राहिली. गावाकडे संध्याकाळ झाली असेल, तो घरीच असेल.

उत्तर आलं.

"ताई, पाह्यलं. पुसून टाक. जवायाची बदनामी केली तं लोक मले काय म्हणतीन? अन् तुले त्याच घरात राहा लागते."

केशरबाईने ते दोनदा वाचलं. नवऱ्यावर आला नव्हता एवढा राग तिला आता भावाचा आला. अरे, तुझी बाग उभी वाळली आणि तू जावयाची अब्रू सांभाळतोस. समोर असता तर तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. मग तिला रडू फुटलं, आणि आपण रडतोय याचाही राग आला. डोळे खसाखसा पुसून ती रऊफभाईंकडे गेली.

"भाऊ, वरुडच्या कृषी अधिकाऱ्याचा नंबर असन तुमच्यापाशी."

रऊफभाईंनी बॅनरकडे पाहिलं. रोहित पाठमोरा उभा राहून कोणाशी तरी फोनवर घाईघाईने बोलत होता.

"शालिकराम काय म्हणाला?"

"थो नाई म्हणते."

"वहिनी, कंपनीले कळलं तं माहीबी एजन्सी जाईन."

"जाईन," ती म्हणाली. "तरीबी मांगून राहिलो. नसन द्याचा तं तसं सांगा, मी दुसऱ्या कोणाले इचारतो."

भगवंतराव बसच्या पायरीवरून तिच्या नावाने हाका मारत होते. रऊफभाईंनी खिशातून चष्मा काढला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि हळू आवाजात एकेक आकडा सांगू लागले.