शेवटची ओळ

बांधून झालेला होल्डॉल शेजारच्या शालिनीताईंनी पुन्हा सोडायला लावला आणि त्यात फडक्याचं एक गाठोडं खुपसलं. फडक्याच्या कोपऱ्यातून पिवळ्या लोकरीचा धागा बाहेर आला होता. तो दिसला मात्र, सुनंदाचा हात जागीच थांबला.

"ताई, हे नको."

"का गं?"

"तुम्ही विचारता?"

खरंच, शालिनीताईंनी विचारायची गरज नव्हती. पहिल्या खेपेला सुनंदानं दिवस भरायच्या आधीच टोपडं, मोजे, विजार असं सगळं हौसेनं विणून ठेवलं होतं. बाळाच्या आधी बाळंतविडा पुरा करू नये, असं ग्वाल्हेरातल्या इंदरगंजच्या मागच्या त्या गल्लीतली सगळी मराठी घरं मानत. सुनंदा तेव्हा हसली होती. बाळ जन्मलं ते गेलेलंच. मग एका दुपारी तिनं अंगणात बसून सगळं उसवलं. शालिनीताई समोर बसून त्या लोकरीचे गुंडे करत राहिल्या. आता पुन्हा सातवा महिना लागला होता आणि घरात लोकरीचा तुकडा नव्हता.

"अगं, यात पुरं झालेलं काहीच नाही," ताई म्हणाल्या. "एक विजार आहे आणि एक लंगोटावरची चड्डी. दोन्ही एकाच सुईवर. कमरेची शेवटची ओळ राखून ठेवलीय, सुईवरचे फंदे उघडेच आहेत. सुईवर आहे तोवर तो कपडा नव्हे. बाळ आलं की तू बंद कर. तोवर गाठोडं सोडायचं नाही."

"आणि नाही आलं तर?"

ताईंनी नजर वळवली नाही. "तर सुई काढ आणि धागा ओढ. तुझं तुला ठरवता येईल. मला कळवूही नकोस."

'सगळं नीट होईल' असं म्हणून जो तो मोकळा होत होता. तिच्या भीतीला असं समोर बसवून घेणारं पहिलं माणूस तिला भेटलं होतं. सुनंदानं होल्डॉलचे पट्टे आवळले, गाठोड्यासकट.

बाहेर तिचा नवरा मधुसूदन टांग्यात सामान चढवत होता. मध्यभारत राज्य होतं तोवर सरकारी कचेरीबरोबर उन्हाळ्यापुरतं इंदूरला जायचं आणि परत यायचं, एवढीच धावपळ असे. आता नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि सचिवालयाच्या कपाटांमागोमाग गल्लीतली बिऱ्हाडंही निघाली. लेकुरवाळी घरं दिवाळीलाच गेली होती. हे शेवटचं.

"तुम्हीही चला ना ताई."

"माझी कुणी बदली केली नाही, बाई," शालिनीताई म्हणाल्या. "आणि कान झाकून बस. ठंडी सुरू झालीय."

भोपाळात पौषात मुलगी झाली, खणखणीत आवाजाची. बाराव्या दिवशी सुनंदानं गाठोडं सोडलं. चड्डीची मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच होती, आत जाड लंगोट बसावा म्हणून. विजारीचे पाय तर बोटाएवढे. सुईवरचे टाके मिटवायला तिनं गाठोड्यातली दुसरी सुई हातात घेतली आणि तिच्या टोकाची लाल लाख पाहून थबकली.

या सुया गल्लीत सगळ्यांना माहीत होत्या. ताईंच्या यजमानांनी, विश्वासरावांनी, सायकलच्या तारा घासून, टोकांना लाख लावून बायकोसाठी त्या केल्या होत्या. ते गेल्यावर ताईंनी घरातलं बरंच काही देऊन टाकलं, पण या सुया कधी कुणाला घटकाभरही उसन्या दिल्या नाहीत. गल्लीतल्या प्रत्येक बाळाची विजार याच जोडीवर झाली होती. आता गल्लीत बाळंच उरली नव्हती.

टाके मिटवताना सुनंदाला दोनदा डोळे पुसावे लागले. मुलीला तिनं ती विजार घातली, आणि तिची ऊब आपल्याच पायांत चढल्यासारखं तिला वाटलं. एवढं कुणी आपल्याला दिलं, आणि देताना सुयांचं नावही काढलं नाही.

होळीनंतर मधुसूदन उरलेलं सामान आणायला ग्वाल्हेरला निघाला, तेव्हा तिनं तेच फडकं त्याच्या हातात दिलं. आत त्याच सुया होत्या, आणि एका सुईवर पुढच्या थंडीसाठी मोठ्या मापाची विजार, कमरेपर्यंत आलेली.

"एवढीशी राहिलीय," तो म्हणाला. "पुरी करून टाकायची ना."

"राहू द्या. ताईंना सांगा, शेवटची ओळ त्यांच्या हातची हवी."

"बरं. झाली की घेऊन येतो."

"तुम्ही नाही आणायची. त्यांनी आणायची."

मधुसूदननं फडक्याकडे पाहिलं, मग पाळण्याकडे.

"म्हणजे येताना दोन तिकिटं."

"हो," सुनंदा म्हणाली आणि फडक्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.