मागच्या सीटवरचे ड्रायव्हर

आसावरी काकूंना अमेरिकेत चौतीस वर्षं झाली, पण गाडी चालवता येत नव्हती. टेक्सासमधल्या प्लेनोसारख्या गावात गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, म्हणून हे अवघडच. त्यांचे यजमान कुमारकाका नेत-आणत, त्यामुळे कधी अडलं नव्हतं. यंदा मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना सांगितलं, की फार तर वर्षभर ड्राइव्ह करा, पुढे नाही. मग सदुसष्टाव्या वर्षी काकूंनी लर्नर्स परमिट काढलं. शिकवायला अर्थात काका. दुसऱ्याच दिवशी त्यांचा आवाज चढला आणि काकूंनी किल्ली त्यांच्या हातात देऊन टाकली.

काकू दर मंगळवारी लायब्ररीत नव्याने आलेल्यांना इंग्रजी बोलायला शिकवत. तिथे मुनीर येत. सिरियातल्या होम्सचे, पंचावन्न वर्षांचे. बावीस वर्षं त्यांनी होम्स ते दमास्कस बस चालवली. युद्धाच्या चौथ्या वर्षी बसजवळ तोफगोळा फुटला आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. त्याच महिन्यात घर गेलं, धाकटा भाऊ गेला. मग आठ वर्षं जॉर्डनमध्ये काढून ते मुलीबरोबर इथे आले होते.

काकूंनी वर्गात आपली फजिती सांगितली तेव्हा सगळे हसले. मुनीर हसले नाहीत. ब्रेक दाबताना तुमची टाच कुठे असते, असं त्यांनी विचारलं. काकूंना सांगता येईना.

रविवारपासून शिकवणी सुरू झाली. लायसन्सवाला माणूस शेजारी लागतो म्हणून काका पुढे, मुनीर मागे. काकांनी बोलायचं नाही, ही काकूंची अट. मुनीर आवाज न चढवता सांगत. मागच्याने हॉर्न दिला तर घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. डिकीत अंड्यांचे ट्रे आहेत असं समजून वळा. माझ्या बसमध्ये खरंच असायचे. तिसऱ्या आठवड्यात काकाच मागे वळून आपल्या शंका विचारू लागले.

एकदा मोठ्या रस्त्यावर शेजारच्या ट्रकचा टायर फुटला. केवढा तरी आवाज झाला आणि आरशातून मुनीर दिसेनासे झाले. काका थिजले. काकूंनी सिग्नल दिला, लेन बदलली आणि एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली. मुनीर सीटच्या खाली डोक्यावर हात घेऊन पडले होते. शर्ट घामाने भिजला होता. काकू दार उघडून त्यांच्याजवळ नुसत्या बसून राहिल्या. काकांनी पाणी आणलं.

मग मुनीर उठले, कृत्रिम पाय सरळ केला आणि म्हणाले, “सिग्नल अगदी वेळेवर दिलात.”

“तुम्ही तर खाली होतात,” काका म्हणाले.

“टिकटिक ऐकली.”

आधी मुनीरच हसले, मग तिघंही.

तिथेच त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं. बसमध्ये एकतीस माणसं होती. उजवा पाय हलेना, म्हणून डाव्या पायाने ब्रेक दाबला. सगळी माणसं आपल्या पायांनी उतरली. त्यानंतर ते स्टिअरिंगमागे कधी बसले नव्हते.

काकू पहिल्याच फटक्यात टेस्ट पास झाल्या. निघताना त्यांनी लायसन्स ऑफिसच्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं, माणसाला डावा पायच असेल तर? ॲक्सिलरेटर डावीकडे बसवून मिळतो, बाई म्हणाल्या.

काकूंनी हे सांगितलं, तरी मुनीर दोन आठवडे नाही म्हणत राहिले. आता जमणार नाही, म्हणाले.

“मलाही जमत नव्हतं,” काकू म्हणाल्या. “कोणी शिकवलं मला?”

मुनीरच्या मुलीच्या जुन्या गाडीत डावीकडचं पेडल बसवलं. आता काकू शेजारी, काका मागे. पहिल्या दिवशी मुनीरनी पार्किंगमध्ये एक फेरी मारली, उतरले आणि बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला, किती वाजता येताय म्हणून.

मार्चमध्ये त्यांना लायसन्स मिळालं. ह्यूस्टनला त्यांची बहीण होती, तीही नुकतीच आलेली. अकरा वर्षांत भेट नव्हती. शनिवारी सकाळी ते मुलीला घेऊन निघाले. दुपारी काकूंचा फोन वाजला, मुनीरचाच. पलीकडे दहा माणसं एकदम अरबीत बोलत होती, कोणीतरी रडत होतं, भांडी वाजत होती. काकूंना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि काका-काकू दोघं ऐकत बसली.