मुंगीची रात्रपाळी

कुरिअरवाला दारावर थाप मारणार, तेवढ्यात मी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बिचाऱ्याचा हात हवेतच राहिला.

"कोणी आजारी आहे का?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"नात झोपलीय. परदेशातून आलीय."

"सकाळचे अकरा वाजलेत, काकू."

"तुमच्या घड्याळात," मी म्हटलं, सही केली आणि दार असं लावलं की कडीलासुद्धा कळलं नाही.

हे माझं कसब आहे, उगाच विनय कशाला दाखवू? आमचे हे वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होते. पेपर छापायचा रात्री, त्यामुळे यांना एकतीस वर्षं कायमची रात्रपाळी. उजाडता उजाडता घरी यायचे आणि दिवसभर झोपायचे. म्हणजे दिवसा आमच्या घरात हूं की चूं नाही. भांडी मी फडक्यावर पालथी घालायचे, बिजागऱ्यांना दर रविवारी तेल, खिडक्यांना रजईएवढे जाड पडदे. लेकीच्या मैत्रिणी कधी आमच्याकडे खेळायला आल्या नाहीत, हीच त्यांच्याकडे जायची. "बाबा झोपलेत" हे तिनं आयुष्यात बोललेलं पहिलं अख्खं वाक्य. शेजारणी माझं उदाहरण द्यायच्या आणि मी आतून फुगायचे. यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पडदे तसेच होते आणि माझे हातही तसेच.

आता लेक आली होती, दोन वर्षांच्या मुलीला घेऊन, जेमतेम दोन आठवड्यांसाठी. मुलीचं नाव भलतंच झोकदार आहे, पण यांनी फोनवर बघूनच तिची मुंगी करून टाकली होती. मुंगीच्या पोटात मात्र अजून तिकडचंच घड्याळ चालू होतं. रात्री एकला ती टक्क जागी व्हायची. मी दिवे लावून तिच्यासाठी गरम गरम खायला करायचे, लेक खेळणी मांडायची. पहाटे पाचला ती आडवी व्हायची ती दुपारी दोनला डोळे उघडायची, तेही कुरकुरत. आणि यांना निवृत्तीनंतर रात्रीची अशी गाढ झोप लागते की घर उचलून नेलं तरी पत्ता लागणार नाही. एकदा उठून आले खरे, पण अर्धवट झोपेतला तो दाढीवाला माणूस पाहून मुंगीनं असं भोकाड पसरलं की हे आल्या पावली परत गेले. सहा महिन्यांपासून दिवस मोजत होते नातीसाठी, आणि नात यांना ओळखतसुद्धा नव्हती.

त्या दिवशी मी कुरिअर ठेवून आत आले तर लेक टेबलावर डोकं टेकून बसली होती.

"आई, तिथल्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, चार दिवसांत होईल सगळं सुरळीत. आज सहावा दिवस. ती नुसती रडतेय आणि मला उभ्या उभ्या पडायला होतंय. मी तिकीट अलीकडचं घेते. तीन दिवसांनंतरचं मिळतंय."

समोर हे चहा घेत होते. तिचं ऐकताच कप खाली ठेवला आणि मुंगीच्या खोलीत गेले. मी मागोमाग, अर्थात चवड्यांवर. आत मिट्ट काळोख.

"अगं," हे चांगले खणखणीत आवाजात म्हणाले, "तू पोरीला रात्रपाळीला लावलंयस!"

"हळू बोला!"

"का म्हणून? दुपार व्हायला आली. दिवस आहे हे तिला कळणार कसं? दिवसा इथे स्मशानशांतता, आणि रात्री एकला तू दिवे लावून जेवण वाढतेस. मी असाच तर एकतीस वर्षं टिकलो. तुझ्या हाताखाली कोणीही टिकेल."

मी कपाळावर हात मारला, तोही आवाज न करता. सहा दिवस डोळ्यांत तेल घालून मी हेच करत होते, आणि स्वतःवर खूशही होते.

यांनी पडदा ओढला तो दांडीसकट खाली आला. उन्हात मुंगीनं नाक मुरडलं आणि रडायला लागली. लेक धावत आली.

"बाबा, काय करताय! झोपू द्या तिला."

"तीन दिवस दे मला. पाळी बदलायचं काम जन्मभर केलंय मी. सुट्टीला दिवसाचा माणूस व्हायचं, दुसऱ्या दिवशी परत रात्रीचा. नाहीच जमलं तर खुशाल जा."

मग मला हुकूम सुटला, "तू जरा भांडी वाजव."

आता हे ऐकायला सोपं. मी स्वयंपाकघरात जाऊन मोठं झाकण उचललं, पण ते खाली ठेवताना हात आपोआप हलका झाला. दुसऱ्यांदा पाडायला गेले तर मध्येच झेललं. हे दारात उभे राहून हसायला लागले.

"हसू नका. तुमची झोप मोडू नये म्हणूनच लागलेली सवय आहे ही."

"अगं, मला कधी आवाजानं जाग आलीय? मशीनच्या धडधडाटात मी स्टुलावर बसून डुलक्या काढायचो."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तू एवढं जपायचीस. कुठल्या तोंडानं सांगू?" हे खाली बघत म्हणाले. "उलट दुपारी जाग आली की घरात कोणी आहे की नाही तेच कळायचं नाही. मग पडून राहायचो कानोसा घेत."

मला इतकं वाईट वाटलं, आणि रागही आला, यांचाही आणि माझाही. रडणाऱ्या मुंगीला कडेवर घेऊन लेक मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि सरळ जमिनीवर आपटलं. ते गरगरत, ठणठणत ओट्याखाली गेलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

मुंगी रडायची थांबली. "अजून," म्हणाली.

तिथून पुढे सगळा कारभार यांच्याकडे. सकाळी सातला मुंगीला उठवायचं, रडली तरी. उन्हात अंगणात न्यायचं, तिथेच नाश्ता भरवायचा. दुपारी तासभरच झोप. संध्याकाळी अंघोळ, मंद दिवा. रात्री जाग आली तर ना दिवा, ना खाणं, ना खेळ. यांनी गजर लावून घेतला होता. अंधारात शेजारी बसून हे नुसते थोपटत राहायचे. पहिल्या रात्री ती दोन तास ओरडली आणि यांची दाढी उपटून झाली. दुसऱ्या रात्री अर्धा तास. तिसऱ्या रात्री जागी झाली ती पहाटे साडेचारला, आणि आपणहून यांच्या मांडीवर येऊन बसली. तिकिटाचा विषय लेकीनं पुन्हा काढला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी यांचा डोळा लागला, सतरंजीवर, भर उजेडात. इतक्या जागरणानंतर लागणारच. मुंगी आपली झोप आटपून दुडुदुडू आली आणि यांच्या पोटावर चढली. मी लगबगीनं उठले. तिला उचलायला वाकणार, तोच तिनं एका बोटानं यांची पापणी वर केली आणि आत डोकावून पाहिलं.

"आजोबा आहे?" तिनं विचारलं.

"आहे," हे म्हणाले.

मी तशीच मागे सरले आणि भिंतीला टेकून बसले. तिनं दुसरी पापणीसुद्धा वर केली.