दोन स्वर

बाईंनी फळ्यावरचा 'सप्तक' हा शब्द ओल्या फडक्याने पुसला आणि त्याच जागी 'लय' लिहिलं. बावीस वर्षं त्या गाण्याचा प्राथमिक वर्ग घेत होत्या. कुठल्या वाक्याला कोण जांभई देणार, हेसुद्धा त्यांना पाठ झालं होतं. आज समोर सात जण होते. तिसऱ्या महिन्यात त्यातले दोन उरतील, हेही ठरलेलंच.

"दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं ठेवायचं, म्हणजे लय," त्या म्हणाल्या. "भरभर चाला नाहीतर सावकाश. पण सारखं."

शेवटच्या बाकावरून हात वर झाला. ती टपालवाली होती. पत्रं निवडण्याच्या कामावरून थेट वर्गाला यायची. अंगठ्यावर रबरी टोपी अजून तशीच असायची.

"बाई, एक विचारू? 'पाणी हवं' हे कुठल्या सुरात म्हणायचं?"

वर्गात खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. हसायलाही अंगात त्राण लागतं. "ते नंतर बघू," म्हणून त्या मात्रेकडे वळल्या.

वर्ग सुटला तरी टपालवाली बाकावरून हलली नाही.

"थट्टा करत नव्हते मी," ती म्हणाली. "आमच्या सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक मुलगी आहे. ती म्हणाली, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शिल्लक असतं. रोजची साधी वाक्यं दोन सुरांत म्हणा, एक खालचा, एक वरचा, आणि त्यांच्या डाव्या हातावर थाप देत राहा. तिने म्हणून दाखवलं तेव्हा कळल्यासारखं वाटलं. घरी आले, तर खालचा कुठला आणि वरचा कुठला, माझं मलाच कळेना."

"घरात आणखी कोण?"

"नवरा बोटीवर असतो. वर्षातून दोनदा येतो. बाकी आम्ही दोघीच."

"पटतं का दोघींचं?"

टपालवालीने रबरी टोपी काढून खिशात टाकली. "आता भांडायचं म्हटलं तरी कशानं भांडणार?"

बाईंचे गुडघे ठणकत होते. पिशवी खांद्याला लावलेली होती, बसची वेळ झाली होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कीबोर्डवरचं कापड पुन्हा बाजूला केलं.

"हा सा," एक पांढरी पट्टी दाबून त्या म्हणाल्या. "हे तुमचं घर. आता रे सोडून द्या. हा ग. एवढे दोनच लागतात तुम्हाला. पा, णी, ह, वं. चार अक्षरं, चार मात्रा. प्रत्येक अक्षराला एक थाप. 'पाणी' सा वर, 'हवं' ग वर. म्हणा."

टपालवालीने म्हटलं. सा कापत कापत का होईना, लागला. ग मात्र खालीच राहिला, दमलेल्या माणसाने जिन्याची शेवटची पायरी सोडून द्यावी तसा.

त्यानंतर दर आठवड्याला वर्ग सुटला की ती पंधरा मिनिटं थांबू लागली. 'पाणी हवं', 'दिवा लाव', 'कूस बदल'. ग काही वर चढेना. बाई दर वेळी एवढंच विचारत, "काही?"

"नाही. नुसत्या बघत असतात."

दुसऱ्या कोणाला बाईंनी एव्हाना दोन समजुतीचे शब्द सांगून वाटेला लावलं असतं. हिला ते सांगायचं त्या पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिल्या.

सहाव्या आठवड्यात टपालवाली वर्गाला आलीच नाही. सगळे पांगल्यावर दारात येऊन उभी राहिली.

"बोलल्या," ती म्हणाली.

बाई फळा पुसता पुसता थांबल्या. "पाणी?"

"नाही." ती जवळच्या बाकावर बसली. "काल मी थाप देत होते. 'पाणी हवं', दहा-बारा वेळा झालं असेल. कामावरून आलेले, डोळे मिटत होते माझे. त्यांनी डाव्या हाताने माझा हात दाबून धरला. आणि म्हणाल्या, 'चुकलं.' सुरात म्हणाल्या."

बाईंनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"एकोणीस वर्षं हाच शब्द ऐकत आलेय मी. मीठ चुकलं, घडी चुकली. पहिला शब्द आला तोही हाच." तिने पदराने मान पुसली. "उठले आणि स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. मग परत येऊन म्हटलं, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं त्यांनी."

"खरंच चुकलं होतं का?"

टपालवालीने जरा विचार केला. "ग खाली लागला असणार."

"आणि त्या कशा म्हणाल्या?"

"अशा." तिने हनुवटी किंचित वर उचलली, सासूबाई उचलत असाव्यात तशी, आणि म्हणून दाखवलं, "चुक-लं."

बाईंनी ग ची पट्टी दाबून पाहिली. पट्टीचा आवाज आणि तिचा आवाज यांत केसाचंही अंतर नव्हतं.

"पुन्हा म्हणा," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.