यंत्र गप्प होतं

“वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे बघा!” फिटर दारातूनच म्हणाला. “नाव काय बदललंत, कार्ट्याची बोंबच बंद!”

वहिनी हसली. फिटर तिचा सख्खा दीर. शीतगृहात त्याला चिकटवलं होतं तिनेच. इथले कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते, म्हणून बाकीचे तिला ताई म्हणत आणि काही अडलं की ताईच्याच नावाने खडे फोडत. शाबासकी तिच्या खात्यावर क्वचित जमा व्हायची, त्यामुळे आलेली तिने खरी-खोटी न तपासता ठेवून घेतली.

शीतगृह नव्या मालकाने घेतलं होतं. त्याने आधी पाटी बदलली, मग पाकिटं, मग फर्मान काढलं: प्रत्येक कॉम्प्युटरला नवं होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं नाव, आणि त्यापुढे आडनावासारखं कंपनीचं नवं डोमेन. फळांच्या थंड खोल्यांवर नजर ठेवणारा जुना लिनक्स कॉम्प्युटरही त्यातून सुटला नाही. खोल्या गार ठेवणारा विषारी अमोनिया वायू गळाला की हा सगळ्यांच्या फोनवर इशारा धाडायचा. धाडायचा म्हणजे ऊठसूट; नुसतं दार नीट लागलं नाही तरी. नाव बदललं आणि स्वारी एकदम शहाणी झाली.

“घसा का बसलाय, भाऊजी?”

“थंडी हो. त्या खोल्यांत राहून गळा काय गोड होणार?” तो पाना खांद्यावर टाकून यंत्रघराकडे गेला.

तो जातो न जातो तोच भांडारवाला आला. “ताई, तापमानाचा रोजचा मेल बंद केलात का हो?”

“नाही. का?”

“नावं बदलली तेव्हापासून येत नाही. म्हटलं, नव्या मालकाची काटकसर.”

“मेलला काय खर्च येतो?”

“त्यांनी आपला चहा बंद केला, मेलचं काय घेऊन बसलात!”

ताई हसायला गेली आणि अर्ध्यावरच थांबली. तो मेल आणि गॅसचे इशारे एकाच वाटेने जायचे.

ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसली. तिने त्याला त्याचं पूर्ण नाव विचारलं. कर्सर बराच वेळ लुकलुकला. मग उत्तर आलं: असं नाव सापडत नाही. यंत्र स्वतःचा पत्ता ज्या होस्ट्स फाइलमध्ये शोधतं, तिथली ओळ बदलायची राहूनच गेली होती. तिथे जुनंच नाव होतं. मेल पाठवणारा प्रोग्राम निघण्याआधी ‘मी कोण?’ विचारायचा आणि उत्तर मिळेना म्हणून तिथेच बसून राहायचा. त्याच्यामागे रांग लागली होती. जवळजवळ सगळे इशारे अमोनियाचे. शेवटचा आत्ताचा.

तिने यंत्रघरात फोन लावला.

“भाऊजी, सगळ्यांना बाहेर काढा. गॅस गळतोय.”

आधी खोकला ऐकू आला. “छे हो! तुमचं यंत्र गप्प आहे की.”

“माझ्यामुळं गप्प आहे ते! नाव बदलताना चुकले मी. निघा आधी!”

 मग लांब जाणारा त्याचा आवाज आला, “ए, खोके टाका! चला बाहेर!” फोन तसाच लोंबकळत राहिला असावा. आता त्यातून नुसती घरघर येत होती.

समोर रांग होती. ती पुसणं एका आज्ञेचं काम. पुसली असती, तर जुन्या यंत्राला चार शिव्या बसून प्रकरण मिटलं असतं. ओळ दुरुस्त केली, तर अडकलेला प्रत्येक इशारा आपल्या तारखेसकट साहेबांपासून हमालांपर्यंत पोचणार होता. तिने ओळ दुरुस्त केली आणि बाहेर धावली.

आवारात प्रत्येकाचा खिसा वाजत होता. थांबायचं नाव नाही. साहेब फोनकडे बघत वाटेत उभे होते.

“अहो, हे गेल्या आठवड्यातलं आज कसं...”

“माझी चूक आहे, साहेब,” ती न थांबता म्हणाली.

हमाल तोंडावर फडकी दाबून बाहेर पडले. फिटर शेवटी आला, दोघांच्या खांद्यावर हात टाकून. त्याला नळाखाली बसवलं. ताईने त्याची हनुवटी धरली आणि तोंडावर पाणी सोडलं.

“वहिनी आल्या का?” त्याने विचारलं.

“तुमच्या पुढ्यातच आहे. डोळे उघडा, भाऊजी.”

त्याने मान तिच्या आवाजाकडे वळवली. पाणी गालांवरून ओघळत होतं.

“उघडेच आहेत,” तो म्हणाला.