एका रबराचे तीन डॉक्टर

आमची आई शाळेच्या मुलांना व्हॅनमधून ने-आण करते, आणि त्या व्हॅनचं सरकतं दार महिनाभर हट्टाला पेटलं होतं. कडेचं रबर असं चिकटायचं की ओढणाऱ्याचा खांदाच निखळावा! शुक्रवारी सरकारी तपासणी होती. दार एका हाताने उघडलं नाही तर परवाना अडकणार, म्हणजे आईचं काम बंद.

"रबराला सिलिकॉनचा स्प्रे लागतो," मी म्हटलं. "साध्या तेलाने ते फुगतं. डब्यावरच लिहिलंय."

"डब्यावर काय, काहीही लिहितात," मामा म्हणाला. "ग्रीस लाव. अख्खी दुनिया ग्रीसवर चालते."

"आणि मुलांचे कपडे तू धुणार का, शहाण्या?" बाबा म्हणाले. "शिलाई मशीनचं तेल. दोन थेंब, बस्स."

"तुम्ही दोघं जरा गप्प बसाल?" आई म्हणाली. मला वाटलं, चला, एक तरी माणूस माझ्या बाजूने! तर म्हणे, "पावडर मारायची. सोप्पं."

मी कपाळावर हात मारला.

गुरुवारी शाळेतून आले तर दार उघडेचना. गाडीला पाय लावून ओढलं, तेव्हा कुठे चर्रकन सुटलं. रबरावर बोट फिरवलं, तर बोटाला काळा-पांढरा चिखल! तिघांनीही एकमेकांना न सांगता आपापलं औषध चोळलं होतं. मामाचं ग्रीस, त्यावर बाबांचं तेल, त्यावर आईची पावडर.

"थोडंसंच लावलं गं," तिघंही एका सुरात.

"आता कुणीही हात लावायचा नाही! किल्ली इकडे!"

साबणाचं पाणी, फडकं, जुना टूथब्रश. माझे हात दुखून आले तरी ते लेप निघता निघेनात. शेवटी एकदाचे निघाले, मग रबर कोरडं करून फडक्यावर स्प्रे मारला आणि पातळसा हात फिरवला.

"एवढंसंच? कंजूष!" मागून मामा.

"मामा!!"

शुक्रवारी तपासणीच्या साहेबांनी दार ओढलं आणि ते अलगद सरकलं. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मग सही झाली.

"छान चालतंय की. काय लावता?"

मी तोंड उघडणार, तोच मामा पुढे. "वरचा हात भाचीचा, साहेब. पण पाया ग्रीसचा!"

"वाटलंच मला," साहेब म्हणाले. "आजच आमच्या गाडीलाही लावतो."

आणि ते निघालेसुद्धा! सही झालीच होती, त्यामुळे आता ओरडायला हरकत नव्हती.

"अहो साहेब, थांबा!" म्हणत मी त्यांच्या मागे धावले.